लेकराची मात्रा वेगळी

मिरचीच्या रोपाला आणि उभ्या कपाशीला एकाच मापानं फवारू नका, हे सांगण्यात माझी नोकरीची बारा वर्षं गेली. शेतीशाळा असो, ग्रामसभा असो की पारावरची बैठक, एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, झाकणभर औषध जादा पडलं तर काय बिघडतं?" मी दर वेळी लेबल वाचून दाखवतो, मात्रा समजावून सांगतो. जादा औषधानं कीड जादा मरत नाही, रोप मात्र करपतं, हे पटवून देतो.

आणि तोच मी, सख्ख्या भाच्याच्या बाबतीत, दवाखान्यात उभा राहून डॉक्टरांकडं झाकणभर जादा मागत होतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, आज खताचा, बियाण्याचा विषय थोडा बाजूला ठेवतो आणि त्याची हकीकत सांगतो. कारण लेकरं प्रत्येकाच्याच घरात आहेत, आणि पडायला जोतं, माळवद, ट्रॉली हेही प्रत्येकाच्या दारात आहे.

मामाचा हट्ट

सुगीचे दिवस होते. भाचा तेव्हा दीड वर्षाचा. आक्का चुलीपाशी, दाजी रानात. पोरगं रांगत-चालत जोत्याच्या कडेला आलं आणि खाली गेलं. उंची फार तर दोन-अडीच फूट. पडल्या पडल्या ते जोरात रडलं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. आक्काचा फोन आला तेव्हा मी शेजारच्याच गावी होतो. गाडीला किक मारली आणि सगळ्यांना घेऊन तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडं पोचलो.

डॉक्टरांनी पोराला नीट तपासलं. डोकं चाचपलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, आक्काला अंगावर पाजायला सांगितलं. पोरगं प्यायलं, मग त्यांच्या गळ्यातली नळी ओढायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "लगेच रडलंय, शुद्ध गेलेली नाही, आईला ओळखतंय, खेळतंय. टेंगूळ कपाळावर आहे. चार-सहा तास इथंच ठेवू, लक्ष ठेवू. सीटी स्कॅनची गरज दिसत नाही."

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, पैशाचं बघू नका. एकदा काढूनच टाका. जिवाला घोर नको."

त्यांनी दोनदा समजावलं. मी ऐकलं नाही. दाजी बिचारे माझ्या तोंडाकडं बघत होते, मामा शिकलेला म्हणून. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. त्या मोठ्या चक्राच्या यंत्रात पोराला एकट्याला झोपवलं, आईला बाहेर काढलं. ते हंबरडा फोडून रडायला लागलं, हातपाय झाडायला लागलं. पहिला फोटो हलला. पुन्हा काढला, पुन्हा हलला. मग रडून रडून पोरगं झोपलं तेव्हा तिसऱ्यांदा काढला. रिपोर्ट आला, सगळं ठीक. आम्ही येताना पेढे घेतले. मामा असावा तर असा, असं मी मनाशी म्हटल्याचंही आठवतं.

पुढं काही महिन्यांनी ठिबकच्या अनुदानाचा अर्ज घेऊन एक तरुण शेतकरी माझ्याकडं आला. शेती वडिलांच्या नावावर, हा शहरात सीटी स्कॅनचं यंत्र चालवायला. चहा पिता पिता मी भाच्याची गोष्ट सांगितली, थोड्या अभिमानानंच. तो म्हणाला, "साहेब, किती वेळा फिरवलं यंत्र?"

"तीन वेळा."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही आम्हाला रोपाची मात्रा शिकवता. लेकराचीही मात्रा असते, साहेब. डॉक्टर म्हणत होते तेच बरोबर होतं. ही फवारणी करायचीच नव्हती, तुम्ही तीन केल्या."

त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. मग मी विचारायला, वाचायला लागलो. जे समजलं ते इथं मांडतो.

यंत्र वाईट नाही

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. सीटी स्कॅन हे वरदान आहे. साधा क्ष-किरण फोटो एका बाजूनं निघतो. सीटीच्या यंत्रात क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक त्यातून पावाच्या कापासारखे आतले एकेक काप दाखवतो. इंग्लंडमधले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. १९७९ साली त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालं. डोक्यात रक्तस्राव झाला की नाही, हे हे यंत्र काही मिनिटांत सांगतं. याच्यामुळं वाचलेले जीव मोजता येणार नाहीत.

पण क्ष-किरण हे ऊन नव्हे. ते पेशींच्या आत शिरतात आणि क्वचित पेशीच्या मूळ बियाण्यालाच धक्का देतात. आपल्या सर्वांना माती, आकाश, हवा, अन्न यांतून थोडा किरणोत्सर्ग मिळतच असतो. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. छातीच्या एका साध्या फोटोत सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट जातो. डोक्याच्या एका सीटीत साधारण २. म्हणजे एक सीटी बरोबर छातीचे शंभरेक फोटो. पोटाच्या सीटीत मात्रा याहूनही जादा असते.

लेकराला याचा धोका जास्त, त्याची कारणं आपल्याला शेतीवरून चटकन कळतील. वाढत्या रोपाच्या पेशी भराभर फुटत असतात, लेकराच्याही तशाच. फुटत्या पेशीला इजा लवकर होते. दुसरं, अंग लहान, त्यामुळं तेवढीच मात्रा आतपर्यंत जादा पोचते. तिसरं, साठीच्या माणसात वीस-तीस वर्षांनी उगवणारं दुखणं कदाचित उगवणारच नाही. लेकरापुढं सत्तर-ऐंशी वर्षं पडलेली असतात.

धोका किती, तेही मापानं सांगतो, नाहीतर भीती पसरायची. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००२ या काळात लहानपणी सीटी झालेल्या सुमारे पावणेदोन लाख मुलांचा अभ्यास २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दहा वर्षांखालच्या १० हजार मुलांच्या डोक्याचा एकेक सीटी काढला, तर पुढच्या दहा वर्षांत साधारण एक जादा रक्ताचा कॅन्सर आणि एक जादा मेंदूची गाठ, असा त्यांचा अंदाज निघाला. ती यंत्रं जुनी होती. म्हणजे एका मुलापुरता धोका अगदी थोडा. गरज असेल तर तो घ्यायलाच हवा. गरज नसेल तर एकही दाणा फुकट का टाकायचा?

चुका होतात कुठं?

पहिली चूक माझ्यासारख्यांची, गरज नसताना फोटो काढून घेणं. यात कधी नातेवाईकांचा हट्ट असतो, कधी डॉक्टरांना पुढच्या भांडणाची धास्ती असते.

दुसरी चूक, मोठ्या माणसाच्या मापावर लेकराचा फोटो काढणं. यंत्रात विजेचा दाब आणि प्रवाह कमी-जास्त करता येतो, जसा आपण नोझल बदलतो. लेकराच्या वजनाप्रमाणं, अंगाच्या जाडीप्रमाणं ते कमी करायला हवं. २००१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी दाखवून दिलं, की कितीतरी ठिकाणी मुलांसाठी हे आकडे बदललेच जात नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं रुग्णालयांना सावधगिरीची सूचना पाठवली. पुढं २००८ साली डॉ. मर्लिन गोस्के आणि इतर बालरुग्ण क्ष-किरण तज्ज्ञांनी 'इमेज जेंटली' नावाची मोहीम सुरू केली. तिचं सांगणं साधं आहे: गरज असेल तरच काढा, जेवढा भाग हवा तेवढाच काढा, एकदाच काढा आणि मात्रा लेकराच्या मापाची ठेवा.

तिसरी चूक, जादा फेऱ्या. शिरेतून औषध देण्याआधी एकदा आणि दिल्यावर एकदा, असा दोनदा फोटो काढायची सवय मोठ्यांच्या तपासणीतून आली. लेकरात बहुतेक वेळा एका फेरीत काम भागतं. तसंच पोट दाखवायचं तर छातीपासून मांडीपर्यंत ओढायचं कारण नाही.

चौथी चूक, लेकराचं हलणं आणि मग पुन्हा पुन्हा काढणं. याचं टोकाचं उदाहरण २००८ च्या जानेवारीत अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आर्काटा गावी घडलं. पलंगावरून पडलेल्या साधारण दोन वर्षांच्या मुलाला तपासणीसाठी आणलं होतं. काही मिनिटांचं काम. पण यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीनं ६५ मिनिटांत एकाच जागी १५१ वेळा किरण सोडले. पोराच्या तोंडावर लाल पट्टा उमटला. त्या व्यक्तीचा परवाना गेला. अशा घटना उघडकीला आल्यावर कॅलिफोर्नियात २०१० साली कायदा झाला, की प्रत्येक सीटीची मात्रा रुग्णाच्या कागदावर नोंदवलीच पाहिजे.

पाचवी चूक, लेकराला चक्राच्या बरोबर मध्यभागी न ठेवणं. नवी यंत्रं अंगाची जाडी बघून आपली आपण मात्रा ठरवतात. पण लेकरू वर-खाली सरकलेलं असेल तर यंत्राचा अंदाज चुकतो. पेरणीयंत्राचा फण तिरका बसला की बियाणं कुठं दाट, कुठं पातळ पडतं, तसंच हे.

सहावी चूक आकडा वाचण्याची. यंत्राच्या पडद्यावर मात्रेचा आकडा येतो, तो प्लास्टिकच्या एका ठरीव गोल नमुन्यावर मोजलेला असतो. मोठ्याच्या पोटासाठी ३२ सेंटिमीटरचा, डोक्यासाठी १६ सेंटिमीटरचा. लेकराच्या पोटाची मात्रा ३२ च्या नमुन्यावर दाखवली तर ती खऱ्यापेक्षा बरीच कमी दिसते. कमी दिसली म्हणून कमी गेली, असं समजू नये.

सातवी चूक फोटो वाचण्याची. तान्ह्या लेकराची कवटी एकसंध नसते, तिच्यात सांधे असतात. सराव नसेल तर सांध्याची रेघ फ्रॅक्चर वाटते, आणि उलट फ्रॅक्चर सांधा वाटतं. शंका असली तर लहान मुलांचे फोटो नेहमी बघणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावं.

आणि आठवी चूक पुन्हा आपली. जुना फोटो घरी विसरणं किंवा हरवणं. पुढच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, "फोटो नाही? मग पुन्हा काढा."

माझी दुसरी चूक

हे सगळं कळल्यावर मी जाईन तिथं सांगत सुटलो. खत व्यवस्थापनाच्या बैठकीत शेवटची पाच मिनिटं याच विषयाची. लोक कान देऊन ऐकायचे. मला वाटलं, पापाचं प्रायश्चित्त झालं.

एके दिवशी रात्री आठच्या सुमाराला एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याचा सात वर्षांचा मुलगा दुपारी उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून खाली पडला होता. "थोडा येळ डोळं पांढरं केलं हुतं सायेब, मग उठला, च्या प्याला. आता सारखा उलट्या करतुया आन् झोपतुया. हाक मारली तर ऊं करतुया फकस्त. डाक्टर सीटी काढायला जिल्ह्याला न्या म्हनत्यात. पर तुमीच म्हनला हुता, लेकराचा सीटी काढू नगा, क्यान्सर हुतो म्हून."

माझ्या हातापायातलं बळ गेलं. मी असं म्हणालो नव्हतो. पण त्यानं तसं ऐकलं होतं, म्हणजे मी तसंच सांगितलं होतं. मी फोनवरच ओरडलो, "अरे बाबा, एक मिनीट थांबू नको. आत्ताच्या आत्ता १०८ ला फोन लाव. सीटी काढायचाच!"

गाडी आली, मुलाला नेलं. सीटीत कवटीच्या आत रक्ताची गाठ दिसली. रात्रीच ऑपरेशन झालं. सकाळी त्याच्या बापाचा फोन येईपर्यंत मी अंगणात फेऱ्या मारत होतो. मुलगा वाचला. शाळेत जातो, डोक्यावर टाक्यांची खूण आहे, ती टोपीखाली झाकतो.

अर्धी मात्रा सांगितली आणि अर्धी गिळली, तर सल्लाही विष होतो. म्हणून पुढचा भाग दोनदा वाचा.

कधी थांबायचं नाही

अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी झाली. ती २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. ही सारी मुलं आल्या वेळी शुद्धीवर किंवा जवळजवळ शुद्धीवर होती. यातल्या ३५ टक्क्यांचा सीटी काढला गेला. पण मेंदूला गंभीर इजा निघाली ३७६ जणांना, म्हणजे शंभरात एकालाही नाही. ऑपरेशन लागलं ६० जणांना. ते थोडे कोण, हे आधी ओळखता यावं म्हणून या पाहणीतून खुणा ठरल्या. डॉक्टर त्या बघतात. आपल्यालाही माहीत असाव्यात:

• लेकरू गुंगीत आहे, चिडचिडं झालंय, तेच तेच विचारतंय, हाकेला नीट उत्तर देत नाही.
• कवटी दबल्यासारखी किंवा फुटल्यासारखी हाताला लागते.
• कानामागं किंवा डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी येतंय.
• शुद्ध गेली होती, उलट्या होतात, डोकं फार दुखतं.
• दोन वर्षांखालच्या लेकराला कपाळ सोडून डोक्याच्या बाजूला किंवा मागं टेंगूळ आहे, किंवा आई म्हणते, "हे नेहमीसारखं नाही."
• पडण्याची उंची मोठी आहे: दोन वर्षांखाली तीन फुटांपेक्षा जास्त, त्यापुढं पाच फुटांपेक्षा जास्त. वाहनाची जोराची धडक.

यातल्या पहिल्या तीन खुणा दिसल्या तर सीटीला वेळ लावायचा नाही. बाकीच्यांत डॉक्टर लेकराला बघून, काही तास नजरेखाली ठेवून ठरवतात. आणि फिटचे झटके आले, एका बाजूचा हात-पाय चालेना, तर विचारही करत बसायचं नाही. यातलं एकही नसेल, तर डॉक्टर "थांबू, बघू" म्हणतात ते ऐकायचं. लक्ष ठेवणं हीसुद्धा तपासणीच आहे. मी ते ऐकलं नाही.

दवाखान्यात काय विचारावं

विचारण्यात उद्धटपणा नाही. खताच्या पिशवीवरचा आकडा आपण वाचतोच की.

१. "डॉक्टर, याच्यावाचून भागेल का?" पोटदुखीत, अपेंडिक्सच्या शंकेत आधी सोनोग्राफी करता येते. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसेल तर टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी होते. काही दुखण्यांत एमआरआय चालतो. या दोन्हींत क्ष-किरण नसतात.

२. "लहान मुलाच्या मापावर काढणार ना?" हे यंत्र चालवणाऱ्यालाही विचारावं. लेकराचं वजन आजचं सांगावं, अंदाजपंचे नको. शिरेतलं औषध आणि झोपेचं औषधही वजनावर ठरतं.

३. तान्ह्या बाळाला झोपेचं औषध द्यायचं नसेल, तर डॉक्टरांना विचारून फोटोच्या आधी पोटभर पाजा, दुपट्यात घट्ट गुंडाळा. बाळ झोपलं की काम एका फेरीत होतं. झोपेचं औषध द्यायचं असेल तर मात्र उलट: डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी ठेवायचं. कळवळून आजीनं गुपचूप दूध पाजायचं नाही, ते श्वासनळीत जाऊ शकतं.

४. आईला किंवा बापाला आत थांबू देतील का, ते विचारा. ओळखीचा आवाज असला की लेकरू शांत राहतं. आत थांबणाऱ्यानं शिशाचा एप्रन घालायचाच. गरोदर बाईनं आत थांबू नये.

५. आपल्या देशात सीटीचं यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. हे मंडळ १९८३ सालापासून मुंबईत आहे. परवाना आहे का, असं विचारायला काही हरकत नाही.

६. फोटो, सीडी, रिपोर्ट मागून घ्या. मात्रेचा आकडा लिहून मागा. पुढच्या प्रत्येक दवाखान्यात ते सगळं बरोबर न्या.

आमच्या आक्कानं आता तेच केलंय. लोखंडी पेटीत सातबारा, रेशनकार्ड आणि सोसायटीचं पासबुक ठेवते, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत भाच्याचा तो फोटो आहे. पाकिटावर तारीख आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलंय, "तीन वेळा." मी दिवाळीला गेलो की भाचा अंगावर उड्या मारतो. पोरगं ठणठणीत आहे, आणि तसंच राहावं. पण पेटी उघडली की माझी नजर त्या पाकिटाकडं जातेच.